नाणेघाटाच्या वाटेवरचे खडे

गेल्या दिवाळीनंतर मुरबाड तालुक्यातल्या विज्ञान शिक्षकांबरोबर दोन दिवस घालवण्याचा योग आला. शहापूरकडचीही काही मंडळी आली होती. विषय होता 'आपल्या परिसरातील दगड'. येताना गावच्या ओढ्यातले, नदीपात्रातले दगड घेऊन या, असे आम्ही आधीच कळवले होते. सगळ्यांनी ते मनावर घेतले. काळू आणि भातसा या नद्यांच्या पात्रातले गोटे पिशव्या भरभरून आले. टेबलांवर वर्तमानपत्रे अंथरून ते मांडले, तेव्हा त्यांतले बहुतेक काळे, खरबरीत आणि ओळखीचे निघाले. पण मधूनमधून पांढऱ्या गारगोट्या होत्या, मेणचट चकाकीचे पट्टेदार तुकडे होते, आणि एका गोट्याच्या पोकळीत फिकट जांभळ्या टोकांची दाटी होती. हा गोटा दिवसभर हातोहात फिरत होता.

दुपारच्या चहाच्या वेळी एका बाईंनी पर्समधून कागदाची पुडी काढली. आत एक पिवळा, पैलू पाडलेला खडा होता. अंगठीतून निखळलेला. "हा पुष्कराज आहे. मुलीच्या लग्नाच्या वेळी घेतला होता, पतपेढीचे कर्ज काढून. तुम्ही दगडांचेच काम करता, तर खरा आहे की खोटा तेवढे सांगा."

आम्ही तेव्हा उत्तर दिले नाही. नुसते पाहून सांगता येत नाही, हे एक कारण. दुसरे कारण असे की 'खरा की खोटा' हा एक प्रश्न दिसत असला, तरी त्यात तीन प्रश्न गुंतलेले आहेत. हा पदार्थ कोणता? तो जमिनीत तयार झाला की भट्टीत? आणि जमिनीत तयार झाला असेल, तर नंतर माणसाने त्याचे काय केले? हे तीन प्रश्न वेगळे करायला माणसाला सुमारे दोन हजार वर्षे लागली. त्या गोष्टीची सुरुवात मुरबाडच्या वाटेवरूनही करता येते.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्ह्याचे थरावर थर पसरले. लाव्हा निवताना वायूचे बुडबुडे त्यात अडकून राहिले. पुढे या पोकळ्यांमधून क्षार विरघळलेले गरम पाणी दीर्घकाळ झिरपले आणि पोकळ्यांच्या भिंतींवर सिलिका, कॅल्साइट, झिओलाइट ही खनिजे साचत गेली. कसारा किंवा माळशेज घाटात रस्त्यासाठी फोडलेल्या कड्यांत पांढरे ठिपके दिसतात, ते हेच. (कसाऱ्याच्या वर इगतपुरीमार्गे सिन्नरला गेल्यास तेथे 'गारगोटी' नावाचे खनिजांचे संग्रहालय आहे. मुलांना एकदा तरी दाखवावे.) काळा कातळ झिजतो, त्याची माती होते. सिलिका मात्र सहजी झिजत नाही आणि मातीतही मिसळून जात नाही. म्हणून कातळ गेला तरी गारगोट्या नदीत उरतात.

ही सिलिका म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे साधे संयुग. सावकाश आणि मोकळ्या जागेत वाढली, तर सहा पैलूंचा स्वच्छ स्फटिक होतो. त्यात लोहाचा अंश असेल आणि खडकातल्या किरणोत्साराचा परिणाम झाला, तर तोच स्फटिक जांभळा होतो. त्याला अ‍ॅमेथिस्ट म्हणतात. सूक्ष्म कणांच्या थरांनी साचली की अकीक. टेबलावर मांडलेल्या निम्म्या 'वेगवेगळ्या' दगडांचा रासायनिक पदार्थ एकच होता. हे सांगितल्यावर शिक्षकांच्या चेहऱ्यावर थोडी निराशा दिसली, ती आम्हाला नवी नाही.

आता वाट. कल्याणहून मुरबाड, सरळगाव, टोकावडे करीत वैशाखरे गाव मागे टाकले की नाणेघाटाचा पायथा येतो. वर चढून गेले की जुन्नर, आणि पुढे पैठण. घाटमाथ्याजवळच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. तिने केलेले यज्ञ आणि दिलेली दाने त्यात नोंदली आहेत. गणिताच्या शिक्षकांना हा लेख आवर्जून दाखवावा, कारण त्यात संख्या अंकांत कोरल्या आहेत आणि त्यांतली एक २४,४०० इतकी मोठी आहे. जवळच दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत असे लोक सांगतात. जकातीचा पुरावा रांजणापेक्षा वाटेतच अधिक आहे. इतका खर्च करून कातळात घाट कोरायचा, तो रिकाम्या बैलांसाठी नव्हे.

या व्यापाराचे वर्णन इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यावर एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहून ठेवले. 'पेरिप्लस' या नावाने ते ओळखले जाते. लेखकाचे नाव मात्र उरलेले नाही. पैठणहून फार मोठ्या प्रमाणावर 'ओनिक्स' जातीचे दगड गाड्यांतून भडोचला येतात, असे तो सांगतो. ओनिक्स म्हणजे पट्टेदार अकीक. येथे चौकस वाचक अडेल. पैठणचा माल जवळच्या कल्याणला न उतरता इतक्या लांब भडोचला कशाला? त्याचे उत्तरही तोच देतो. कल्याण पूर्वी रीतसर बाजारपेठ होती, पण आता तेथे अडवणूक होते, आणि चुकून तेथे शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात. म्हणजे सातवाहन आणि क्षत्रप यांच्या भांडणात नाणेघाटाची वाट काही काळ सुनी पडली असावी. त्या आधी आणि नंतर ती वाहती होती. कान्हेरीच्या लेण्यांत सोपाऱ्याच्या मणिकाराने आणि कल्याणच्या सोनाराने दिलेल्या दानांचे लेख आहेत. नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया यांनी केलेल्या उत्खननात अकीक, तांबडा अकीक यांचे मणी आणि भूमध्य सागराकडून आलेल्या मद्यकुंभांचे तुकडे निघाले. मणी आणि मद्य यांची ही अदलाबदल पैठणपासून फार दूर झालेली नाही.

रोमन लोकांना सर्वांत प्रिय होता तो तांबडा अकीक. त्यावर ते मुद्रा कोरीत. पण आपल्या नद्यांत सापडणारे अकीक बहुधा करडे, पिवळट, मातकट असतात. मग हा तांबडा कुठून आला?

आगीतून. मातकट अकीकात लोहाचे, पाण्याचा अंश धरून ठेवणारे पिवळे ऑक्साइड अगदी थोडे असते. दगड तापवला की हे पाणी निघून जाते आणि लोहाचे तांबडे ऑक्साइड म्हणजे हेमॅटाइट उरते. वर्गात हे दाखवायला अकीक लागत नाही. भिंतीला देण्याची पिवडी थोडी घ्यावी, जुन्या तव्यावर चांगली तापवावी. काही मिनिटांत तिचा गेरू होतो. वारली पाड्यावर भिंतीला लावतात तोच. कुंभाराची मडकी आणि आपली मंगलोरी कौले तांबडी होतात त्यामागेही हेच रसायन आहे. दगड मात्र सावकाश तापवावा लागतो, नाहीतर आतल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटतो. गुजरातमधील रतनपूरच्या खाणींतले दगड खंभातचे कारागीर आधी कित्येक महिने उन्हात वाळवतात. मग मातीच्या भांड्यांत घालून शेणी किंवा भुशाच्या मंद आगीत भाजतात. हिऱ्याच्या दोन बारीक कणांचे टोक लावलेल्या सामत्याने त्याला भोक पाडतात. ही पद्धत किती जुनी असावी हे पाहण्यासाठी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जोनाथन मार्क केनोयर, मास्सिमो विदाले आणि कुलदीप भान यांनी खंभातच्या कारागिरांजवळ बसून अभ्यास केला. सिंधू संस्कृतीच्या मण्यांमागचे तंत्र त्यांना त्या वर्तमान कामातून उलगडता आले.

या सौंदर्याची एक किंमत आहे, ती दुकानात लिहिलेली नसते. अकीक घासताना सिलिकेची बारीक धूळ उडते. ती फुप्फुसात बसली की परत निघत नाही आणि सिलिकोसिस होतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंभातच्या घासकामगारांची तपासणी करून हे दाखवून दिले आहे. मुरबाड-शहापूरच्या दगडखाणी आणि क्रशर यांच्याजवळ राहणाऱ्या मुलांना शिकवणाऱ्यांनी हे वाक्य नजरेआड करू नये.

मूळ मुद्द्याकडे येऊ. भाजलेला अकीक खरा की खोटा? पदार्थ खरा, जन्म जमिनीतला, रंग माणसाने आणलेला. त्याला खोटा कोणीही म्हटले नाही, दोन हजार वर्षांपूर्वीही नाही आणि आजही नाही. पण हाच न्याय सगळ्यांना लावला गेला नाही. रोमन लेखक प्लिनी इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावला. त्याच्या निसर्गविषयक ग्रंथाचा शेवटचा, सदतिसावा भाग रत्नांवर आहे. भारतीय लोक स्फटिकाला रंग देऊन निरनिराळ्या रत्नांची, विशेषतः वैडूर्याच्या जातीतल्या बेरिलची नक्कल करतात, अशी तक्रार त्यात आहे. तक्रार खरी असावी. स्फटिक तापवून एकदम थंड रंगात बुडवला, तर बारीक तडे पडतात आणि रंग त्यात शिरतो. प्लिनीला हा फसवणुकीचा धंदा वाटला. अरबस्तानात काही दगड सात दिवस सात रात्री मधात उकळतात, हेही त्यानेच लिहिले आहे, पण तेथे त्याचा सूर वेगळा आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइन गावात अकीक साखरेच्या पाकात भिजवून मग गंधकाम्लात उकळू लागले. अकीकाच्या सच्छिद्र थरांत शिरलेली साखर जळून कोळसा होते आणि काळा पट्टा उठून दिसतो. बाजारातला बहुतेक काळा ओनिक्स या जातीचा आहे.

स्फटिकाला कमी लेखण्याचे कारण मात्र नव्हते. १८८२ च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप खणला. सोपारा तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ पासून पालघरमध्ये आहे. नाणेघाटातील अंकांचा अभ्यास करणारे हेच भगवानलाल. दगडी पेटीत त्यांना तांब्याचा करंडक मिळाला. त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात होते मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे. सोन्याला लागून बसण्याचा मान त्या लोकांनी स्फटिकाला दिला होता. म्हणजे आपल्या ओढ्यातल्या गारगोटीच्याच सिलिकेला. आणि त्या सोन्याने जे सांभाळले, ते खापरच होते. मूल्य पदार्थात असते की त्याच्याशी जोडलेल्या आठवणीत, हा प्रश्न रसायनशास्त्राचा नाही, म्हणून पुढे जाऊ.

रत्नांची परीक्षा हे आपल्याकडे स्वतंत्र शास्त्र होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोशात घ्यायच्या रत्नांवर एक प्रकरण आहे. मोती कुठकुठून येतात, त्यांचे दोष कोणते, याच्या याद्या त्यात आहेत. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत हिरा, मोती, माणिक आणि पाचू यांवर अध्याय आहेत. हे ग्रंथ वाचताना अभिमान आणि अस्वस्थता दोन्ही वाटतात. हिऱ्याला दुसऱ्या कशानेही भेदता येत नाही, हे निरीक्षण अचूक आहे. आज आपण कठिनता मोजतो, तीही याच कल्पनेवर. पण उत्तम हिरा पाण्यावर तरंगतो, असेही तेथे म्हटले आहे. हिरा पाण्याच्या साडेतीनपट जड असतो. वाटीभर पाणी आणि एक हिरा, एवढ्यावर हे वाक्य खोडता आले असते. तरी ते शतकानुशतके एका ग्रंथातून दुसऱ्या ग्रंथात उतरत राहिले. पाठांतर चांगले असले की असे होते.

गरुडपुराणातली मोत्याची परीक्षा याच्या उलट आहे. सिंहलद्वीपातले कुशल लोक कृत्रिम मोती करतात, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. मोत्याबद्दल शंका आली तर तो रात्रभर गरम, मीठ घातलेल्या तेलपाण्यात ठेवावा, किंवा कोरड्या कापडात गुंडाळून भातावर चोळावा. रंग उतरला नाही, तर मोती अस्सल. ही कृती करणाऱ्याच्या हातून लिहिली गेली आहे, हे वाचताच कळते. लेप चिकटवलेला असेल तर तेल-मिठाने तो सैल होतो आणि भाताच्या खरखरीत टरफलाने सुटतो. अस्सल मोत्याला लेप नसतोच. शिंपल्यातला जीव अ‍ॅरागोनाइट या कॅल्शियम कार्बोनेटाच्या सूक्ष्म चकत्या एकीवर एक रचत जातो आणि मध्ये प्रथिनाचा पातळ थर भरतो. प्रत्येक चकती साधारण अर्धा मायक्रॉन जाडीची, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास. म्हणून थरांवरून परतणाऱ्या प्रकाशाचे व्यतिकरण होते आणि ते इंद्रधनुषी पाणी दिसते. शिंपल्याच्या या रंगांवर सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९३० च्या दशकात काम केले आहे. मोती दाताच्या कडेवर हलकेच घासला तर किंचित कचकच लागते, ती याच चकत्यांची. काचेचा मणी गुळगुळीत लागतो. (दुसऱ्याचा मोती घासायचा असेल तर आधी विचारावे.)

महाराष्ट्रातल्या जुन्या नथी, कुड्या, तन्मणी, चिंचपेट्या यांतले मोती बहुतांश इराणच्या आखातातले, बसऱ्याच्या नावाने ओळखले जाणारे. ते मुंबईत येत, तेथे त्यांची निवड होई, भोके पाडली जात, माळा ओवल्या जात आणि तेथूनच पॅरिस-लंडनला जात. मुंबईचा मोतीबाजार हा जगाचा मोतीबाजार होता. नक्कल तेव्हाही होती. सतराव्या शतकात पॅरिसच्या जाकँ नावाच्या माळा करणाऱ्या कारागिराने माशाच्या खवल्यांचे चकाकते सत्त्व पोकळ काचमण्यात आतून लावून त्यात मेण भरले. आतून, हे महत्त्वाचे. तेथे भात चोळून उपयोग नाही. पण असा मणी हलका लागतो आणि भोकाशी काचेची कड दिसते. पारखी डोळा त्याला पकडू शकत होता.

खरी पंचाईत जपानने केली. कोकिची मिकिमोतो यांना १८९३ मध्ये शिंपल्यात अर्धगोल मोती वाढवण्यात यश आले. पुढे इतर संशोधकांच्या प्रयत्नांतून पूर्ण गोल मोत्याची कृती सिद्ध झाली. शिंपल्याच्या कवचाचा गोल मणी आणि दुसऱ्या शिंपल्याच्या आवरणाचा छोटा तुकडा जिवंत शिंपल्यात बसवायचा आणि वाट पाहायची. १९२० च्या दशकात हे मोती युरोपात पोहोचले आणि व्यापाऱ्यांची झोप उडाली. कारण यांचा पृष्ठभाग नकली नव्हता. तो शिंपल्यानेच रचलेला होता. भात, तेल, दात, भिंग, सगळ्या परीक्षांत हा मोती उत्तीर्ण. फरक होता तो फक्त आत. म्हणून आत पाहण्याची साधने आली: भोकातून प्रकाश सोडणारी बारीक दुर्बिणीसारखी नळी आणि क्ष-किरण. नैसर्गिक मोत्यात कांद्यासारखी वर्तुळे केंद्रापर्यंत जातात. संवर्धित मोत्यात ती मण्यापाशी थांबतात. भेद करता येऊ लागला, पण आखाताचा मोतीव्यवसाय वाचला नाही. जागतिक मंदी आणि जपानी मोती यांनी १९३० च्या दशकात तो मोडला. मुंबईच्या मोतीबाजारालाही त्याचा फटका बसला. भारतात संवर्धित मोती पहिल्यांदा निघाले ते १९७३ मध्ये, तुतिकोरिनला, डॉ. के. अलगरस्वामी यांच्या प्रयोगातून. आज चीनच्या गोड्या पाण्यातल्या कालवांत मणी न घालताही मोती वाढवतात. त्यामुळे क्ष-किरण चित्र वाचणेही पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. परीक्षा नकलेमागून जन्मते, आणि पुढची नकल त्या परीक्षेचा अभ्यास करून येते.

खड्यांच्या बाबतीत वळण आधी आले होते. महमूद गझनीच्या दरबारात असलेला अल्-बिरुनी भारताविषयीच्या ग्रंथामुळे आपल्याला माहीत आहे. इसवी सन ९७३ मध्ये जन्मलेल्या या विद्वानाने रत्नांवरही पुस्तक लिहिले, आणि त्याहून मोलाचे म्हणजे ती मोजली. निमुळत्या भांड्याला बाकदार नळी जोडून त्याने समान वजनाची वेगवेगळी रत्ने किती पाणी बाहेर टाकतात ते पाहिले. त्याचे आकडे आजच्या आकड्यांच्या आश्चर्यकारक जवळ आहेत. रंग, तेज, उगमाचे गाव या सगळ्यांना बाजूला सारून त्याने दगडाला एक आकडा दिला. आमच्या मते रत्नपरीक्षेच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा दिवस, जरी तो नेमका कोणता हे कोणी नोंदवले नसले तरी.

आकडा नसला की नावे फसवतात. ब्रिटिश राजमुकुटातले 'ब्लॅक प्रिन्सचे माणिक' माणिक नव्हेच. दिल्लीहून नादिरशहाकडे आणि पुढे लाहोरमार्गे लंडनला गेलेले 'तैमूर माणिक' हेही नव्हे. दोन्ही स्पिनेल. माणिक म्हणजे क्रोमियममुळे तांबडे झालेले अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. स्पिनेलमध्ये मॅग्नेशियमही असते, आणि त्याचे स्फटिक वेगळ्या घडणीचे असतात. युरोपात हा भेद १७८३ मध्ये रोमे द लील याने नीट मांडला. आपल्याकडच्या दरबारी जवाहिऱ्यांना 'याकूत' आणि 'लाल' हे दोन वेगळे, एवढे मात्र त्याआधीपासून ठाऊक होते. तैमूरच्या खड्याला माणिक म्हणणारे नंतर आले.

पण आकड्यालाही मर्यादा आहे. १९०२ मध्ये ऑग्युस्त व्हर्नेय याने अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची पूड क्रोमियमबरोबर ऑक्सिहायड्रोजन ज्योतीत वितळवून माणिक वाढवले. हे नकली माणिक नव्हे. विशिष्ट गुरुत्व तेच ४, अपवर्तनांक तोच १.७६ ते १.७७, कठिनता तीच. पहिला प्रश्न, पदार्थ कोणता, याला ते अस्सल उत्तर देते. खोटे पडते ते दुसऱ्या प्रश्नाला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की वाढीच्या रेषा वक्र दिसतात आणि अधूनमधून वायूचे बुडबुडे. जमिनीतल्या माणकात या रेषा सरळ असतात. गावच्या जत्रेतल्या दहा रुपयांच्या अंगठीत मात्र माणिक नसते, साधी रंगीत काच असते. व्हर्नेयचे माणिक मनगटी घड्याळांच्या चाकांखाली फिरले. जुन्या घड्याळावर '१७ ज्युवेल्स' असे लिहिलेले असे, ते हेच खडे.

आता बाईंचा खडा. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तो सगळ्यांसमोर मोजला. त्याला लागणारे साहित्य कोणत्याही शाळेला परवडेल: ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा, पाण्याचा पेला आणि शिवणाचा दोरा. आधी कोरडा खडा काट्यावर ठेवला. १.५९ ग्रॅम, म्हणजे सुमारे आठ कॅरट. मग पाण्याने अर्धा भरलेला पेला काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला. खडा दोऱ्याने बांधून पाण्यात सोडला, पण तळाला किंवा काचेला टेकू दिला नाही. काट्यावर आकडा आला ०.६०. पाणी खड्याला जेवढे वर ढकलते तेवढेच खडा पाण्याला खाली ढकलतो. म्हणजे हे खड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन झाले. खड्याला चिकटलेले बुडबुडे काडीने काढायला विसरू नये. १.५९ भागिले ०.६०, उत्तर २.६५. काट्याची चूक शंभराव्या भागाची धरली तरी उत्तर २.६ ते २.७ च्या बाहेर जात नाही.

पुष्कराज या नावाखाली जुन्या पुस्तकांत टोपॅझ सांगितलेला असतो. त्याचे विशिष्ट गुरुत्व साडेतीनच्या वर. आजच्या पेढीवर पुष्कराज म्हणून पिवळा नीलम देतात. त्याचे ४. आमचा आकडा दोन्हींच्या जवळपास नव्हता. २.६५ हा स्फटिकाचा, म्हणजे सिलिकेचा आकडा. पण काही काचाही याच्या आसपास येतात, म्हणून आणखी एक परीक्षा घेतली. पोलरॉइडच्या जुन्या गॉगलच्या दोन काचा एकमेकींवर काटकोनात धरल्या, की प्रकाश अडतो. मध्ये खडा धरून सावकाश फिरवला. काच असती तर बहुधा अंधारच राहिला असता. खडा एका फेरीत चार वेळा उजळला आणि चार वेळा विझला. (पहिल्या बाजूने नीट उजळला नाही म्हणून तो वळवून धरावा लागला. स्फटिकाच्या अक्षाच्या दिशेने पाहिले तर असे होते, घाईने निष्कर्ष काढू नये.)

तेव्हा खडा स्फटिकच होता. पिवळा असला की त्याला सिट्रिन म्हणतात. बाजारातले बहुतेक सिट्रिन म्हणजे सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला तापवलेला अ‍ॅमेथिस्ट. जांभळ्या रंगाचे केंद्र उष्णतेने मोडते आणि लोह पिवळा रंग देऊ लागते. मातकट अकीकाचे जे खंभातला होते, त्याचेच हे भावंड. बाईंचा खडा तापवलेला आहे का? काटा ते सांगत नाही. कारखान्यात, दाबाच्या भांड्यात वाढवलेला असेल का? रेडिओ आणि घड्याळांसाठी स्फटिक असे अनेक दशके वाढवले जात आहेत. तेही काटा सांगत नाही. त्यासाठी मुंबईच्या रत्नपरीक्षा प्रयोगशाळेत जावे लागेल. नुसत्या नजरेने हे सांगणारा कोणी भेटला, तर त्याच्या नजरेचे कौतुक करावे आणि प्रमाणपत्र मागावे. खडा ग्रहाला लागू पडेल का, असेही एका सरांनी विचारले. काट्याला राशी कळत नाहीत, एवढेच आम्ही म्हणालो.

बाई थोडा वेळ गप्प होत्या. मग त्यांनी तो जांभळ्या टोकांचा गोटा ओढून घेतला आणि पुडीतला खडा त्याच्या पोकळीशेजारी ठेवला. "म्हणजे हे दोन्ही एकच?" पदार्थ एकच, आम्ही म्हणालो. "मग मी पैसे कशाचे दिले?" पैलूंचे, काही रंगाचे, आणि बरेचसे नावाचे. मुलगी नाशिकला असते, तिला सांगावे की नाही हे त्यांचे ठरत नव्हते. पेढीवर जाऊन बिल मागायचे मात्र ठरले. बिलावर 'पुष्कराज' नव्हे, तर खनिजाचे नाव आणि विशिष्ट गुरुत्व लिहून द्या, असे सांगायचे. पुडी पुन्हा बांधताना त्यांनी कागदावर बॉलपेनने लिहिले: २.६५. गोटा ज्यांनी आणला होता ते सर म्हणाले, काळूच्या त्या डोहात असे आणखी आहेत, नववीच्या मुलांना घेऊन जाईन, काटा तेवढा आठवडाभर ठेवून जा. आम्ही ठेवून आलो.